बंद पाकिटातलं मत



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय दिला तो असा: पक्षाचा उमेदवार ठरवताना पक्षाबाहेरच्या, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या मतदाराला मत असावं का? विषय कळल्यावर एका जुन्या मित्राचा फोन आला. आयुष्यभर एकाच पक्षाचं काम केलेला माणूस. म्हणाला, "आमच्याकडे पक्षातल्यांनाच कुणी विचारत नाही, तू बाहेरच्यांचं काय घेऊन बसलास?" त्याचं म्हणणं खरं आहे. सतरंज्या उचलणाऱ्याला तिकिटाच्या वेळी दाराबाहेर बसवायचं आणि परवा आलेल्याला आत बोलवायचं, हे आपण सगळ्याच पक्षांत पाहिलं. तरीही मी आज बाहेरच्याच माणसाची बाजू मांडणार आहे. त्यातून आतल्या माणसाचंही काही भलं झालं तर उत्तमच.

आपल्या वसई-विरार महापालिकेची निवडणूक 15 जानेवारी 2026 रोजी झाली. त्याआधी साडेपाच वर्षं इथे प्रशासक होता. सभागृहाची मुदत जून 2020 मध्ये संपली होती. इतक्या वर्षांनी मतदान आल्यावर नगरसेवक कोण होणार हा प्रश्न कधी सुटला? माझ्या मते बराचसा 30 डिसेंबरलाच सुटला. त्या दिवशी अर्ज भरायची मुदत संपत होती आणि राज्यातल्या 29 महापालिकांत इच्छुकांचे डोळे दोन कागदांकडे लागले होते. ए फॉर्म आणि बी फॉर्म. उमेदवाराच्या कागदांवर पक्षाच्या वतीने सही कोण करणार, हे पक्ष ए फॉर्मवर कळवतो. त्या सही करणाऱ्याने उमेदवाराचं नाव लिहून दिलेला कागद म्हणजे बी फॉर्म. हे दोन कागद वेळेत पोहोचले तर चिन्ह मिळतं, नाही तर त्या पक्षात 30 वर्षं घालवलेला माणूसही अपक्ष. त्या वेळी बंडखोरीच्या भीतीने बऱ्याच ठिकाणी याद्या जाहीरच केल्या नाहीत, फॉर्म थेट हातात दिले. पुण्यात तर एकाच पक्षाच्या दोन इच्छुकांमध्ये जुंपली आणि एकाने दुसऱ्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याच्या बातम्या आल्या. लोक हसले. मी हसलो नाही. त्या कागदाची खरी किंमत त्या प्रसंगातून कळते.

मग 2 जानेवारीला माघारीची मुदत संपली आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या ठिकाणी कितीतरी उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी बटणच उरलं नाही. त्याच्या वतीने कुणीतरी, कुठेतरी, बी फॉर्मवर सही करताना मत देऊन टाकलं होतं.

अमेरिकेत याच टप्प्यावर मतदान घेतात. त्याला प्रायमरी म्हणतात, आपले पत्रकार प्राथमिक निवडणूक म्हणतात. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यांच्याकडून तुम्ही ऐकलंच असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनचा गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट याने उमेदवारी पक्षाच्या पुढाऱ्यांच्या खोलीतून काढून मतपेटीत आणायचा कायदा करून घेतला. पुढे हळूहळू बाकीच्या राज्यांनी ते उचललं. बऱ्याच राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच विचारतात, तुम्ही कोणत्या पक्षाचे? 'कोणत्याच नाही' असंही लिहिता येतं, आणि आजघडीला स्वतःला स्वतंत्र म्हणवणारे तिथे 40 टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांपैकी कोणत्याही एकाच्या माणसांहून अधिक. आता या लोकांनी प्रायमरीत मत द्यायचं की नाही, यावर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्यू हॅम्पशायरमध्ये ते त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतात. न्यूयॉर्कमध्ये नाही. 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन प्रायमरीत उभे होते आणि त्यांची मुलगी इव्हान्का व मुलगा एरिक यांना बापाला मत देता आलं नाही, कारण पक्षनोंदणीची मुदत आदल्या वर्षीच संपली होती. नियम म्हणजे नियम! आपल्याकडे पुढाऱ्याच्या मुलाला असं कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

या विषयावर तिकडच्या न्यायालयांनीही भरपूर डोकं चालवलंय. 1986 मध्ये कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षाला स्वतंत्र मतदारांना आपल्या प्रायमरीत बोलवायचं होतं आणि राज्याचा कायदा आडवा येत होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पक्षाला बोलवायचं असेल तर बोलवू द्या. 2000 मध्ये कॅलिफोर्नियात उलट झालं. कायदा म्हणत होता की कोणीही कोणत्याही पक्षाच्या उमेदवारनिवडीत मत द्यावं, पक्ष म्हणत होते आम्हाला हे मान्य नाही. न्यायालयाने पक्षांची बाजू घेतली. दोन्ही निकालांमागचा विचार एकच: आपल्या संघटनेत कुणाला घ्यायचं, हे संघटना ठरवील.

ऐकायला रास्त वाटतं. पण याच विचाराचं एक काळं प्रकरण आहे. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष म्हणायचा, आमची संस्था खाजगी आहे, आमच्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांनी मत द्यायचं. दक्षिणेत तेव्हा तो एकच पक्ष जिंकायचा, त्यामुळे प्रायमरीच खरी निवडणूक होती आणि नोव्हेंबरातलं मतदान उपचारापुरतं. काळ्या माणसाला त्या उपचारात मत होतं, निवडणुकीत नव्हतं. ह्यूस्टनमधले दंतवैद्य लॉनी स्मिथ न्यायालयात गेले, थर्गुड मार्शल यांनी त्यांची बाजू लढवली आणि 1944 मध्ये ही पद्धत रद्द झाली. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, लोकांचा प्रतिनिधी ठरवणाऱ्या यंत्रणेचा भाग असलेल्या पक्षाला आम्ही खाजगी क्लब आहोत असं म्हणून सुटता येत नाही.

वंशद्वेषाची आणि आपली तुलना मी करत नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. मला त्यातला एकपक्षीय प्रदेशाचा मुद्दा हवाय. 2015 च्या महापालिका निवडणुकीत आपल्याकडे 115 पैकी 106 जागा बहुजन विकास आघाडीने (बविआ) जिंकल्या होत्या. ज्या गावात एक पक्ष 115 पैकी 106 जागा घेतो, तिथे त्या पक्षाचं तिकीट मिळालं की माणूस नगरसेवक झालाच. म्हणजे निवडणूक झाली ती तिकीटवाटपात. ते वाटप पाहणारे किती होते? हा प्रश्न बविआलाच आहे असं नव्हे. जिथे ज्याचा जोर, तिथे त्याला आहे.

पक्ष खाजगी असतो का, हे आपल्या कायद्यातही नीट पाहायला हवं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 29-अ हे कलम घालून पक्षांची नोंदणी सुरू झाली. नोंदणी असेल तर आयकरात सवलत. मान्यताप्राप्त पक्षाला राखीव चिन्ह, मतदारयादीची प्रत मोफत, आकाशवाणी-दूरदर्शनवर प्रचाराचा वेळ मोफत. हे सगळं आपल्या पैशातून चालतं, त्यात कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूसही कर भरतो. बदल्यात आपण काय मागितलं? पक्षांतर्गत लोकशाहीचा कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने 1999 च्या अहवालात केली. ती कागदावरच आहे. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, पक्षाने राज्यघटनेचा किंवा नोंदणीच्या वेळी दिलेल्या हमीचा भंग केला म्हणून निवडणूक आयोग त्याची नोंदणी काढून घेऊ शकत नाही. थोडक्यात, सवलती कायद्याने मिळतात आणि शिस्त मर्जीने पाळायची.

आपल्याकडे प्रायमरीचा प्रयोग झालेला आहे, हे अनेकांना आठवत नाही. 2014 च्या लोकसभेला राहुल गांधींच्या आग्रहावरून काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने निवडले. महाराष्ट्रात त्यासाठी वर्धा आणि लातूर घेतले होते. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडून आले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. मे महिन्यात वर्ध्यात रामदास तडस यांनी दोन लाखांहून अधिक मतांनी आणि लातुरात सुनील गायकवाड यांनी जवळपास अडीच लाखांनी त्यांना पाडलं. मोदी लाटेत हरणं समजू शकतं, त्यावरून पद्धत वाईट ठरत नाही. पण पुढचं पाहा. त्याच वर्षी मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले. पक्षाच्या माणसांनी, पक्षाच्या शिस्तीत, पक्षनिष्ठा तपासून निवडलेला उमेदवार सहा महिनेही पक्षात राहिला नाही. बाहेरच्यांना घेतलं तर पक्षाचा बाणा बिघडेल असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि वडोदऱ्यात? तिथे नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले, मग समोर नरेंद्र मोदी उभे राहणार म्हटल्यावर ते बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्रींना उमेदवारी गेली. प्रायमरी झाली, पण निकाल पाळायची वेळ आल्यावर पुन्हा दिल्लीच.

या प्रयोगात मत कुणाला होतं? तालुका-जिल्ह्याचे पदाधिकारी, आजी-माजी लोकप्रतिनिधी, युवक-महिला वगैरे आघाड्यांची मंडळी. पदं वाटणाऱ्याच्या हाती मतदारयादी. अशा यादीत ज्याचं घर मोठं तो जिंकणार. माझ्या मित्राचं दुखणं इथे आहे आणि त्यावरचं औषधही: यादी जितकी लहान, तितकी ती एखाद्याच्या खिशात मावते. मोठी केली तर मावत नाही.

मोठी केल्यावर काय होतं, याची उदाहरणं युरोपात आहेत. इंग्लंडमधल्या टोटनेस मतदारसंघात हुजूर पक्षाने 2009 साली एक धाडस केलं. मतदारसंघातल्या सुमारे 68 हजार मतदारांना, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, घरपोच मतपत्रिका पाठवली. परतीचा टपालखर्च पक्षाचा. तीन नावांतून एकावर खूण करायची आणि पाकीट पेटीत टाकायचं. 16 हजारांहून अधिक लोकांनी टाकलं. निवडून आल्या सारा वोलस्टन, पेशाने डॉक्टर, राजकारणात नवख्या. खर्च सुमारे 38 हजार पौंड. पुढच्या वर्षी त्या खासदार झाल्या, पक्षाचा आदेश मोडून मतं देत राहिल्या आणि 2019 मध्ये पक्ष सोडूनच गेल्या. पक्षवाल्यांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको. मतदारांनी वेगळा घेतला असेल.

फ्रान्समध्ये समाजवाद्यांनी 2011 साली एक युरो आणि एक सही मागितली. 'डाव्या विचारांची मूल्यं मला मान्य आहेत' अशा मजकुराखाली सही केली की मत. पक्षाचा सभासद असण्याची गरज नाही. 26 लाखांहून अधिक लोक आले, ओलांद उमेदवार झाले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. सहा वर्षांनी त्याच पद्धतीने निवडलेले बेन्वा आमों साडेसहा टक्क्यांच्या आत अडकले. तेव्हा खुली प्रायमरी जिंकवते असं म्हणण्यात अर्थ नाही, आणि हरवते असंही नाही.

लबाडीचा प्रश्न राहतो. शत्रुपक्षाची माणसं येऊन मुद्दाम कच्चा उमेदवार निवडतील, ही भीती. नेमका हेतू ओळखणं अवघड, पण परिणाम मोजता येतो. 2024 च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली यांना 43 टक्के मतं मिळाली, त्यात पक्षाबाहेरच्या मतदारांचा मोठा हात होता. जिंकले मात्र ट्रम्प. बाहेरच्यांनी खळबळ केली, निकाल फिरवला नाही. आणि वसईत दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याचा उमेदवार पाडायला माणसं कामाला लागतातच, त्यासाठी प्रायमरीची वाट कुणी पाहिली आहे?

आता मला ज्यासाठी इथे उभं राहायचं होतं, त्या गोष्टीकडे येतो. पक्षाबाहेरच्या मतदाराला उमेदवारनिवडीत घ्यावं का, असा प्रश्न आपण विचारतो, जणू आज तो त्यात नाही. तो आहे. निवडणुकीच्या सात-आठ महिने आधी तुमचा फोन वाजतो. ध्वनिमुद्रित आवाज गोड बोलतो: तुमच्या भागातले मुख्य प्रश्न कोणते, विद्यमान आमदारांच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का, असाल तर एक दाबा, पुढील नावांपैकी कोण तुम्हाला योग्य वाटतं, अमुक असेल तर एक, तमुक असेल तर दोन. कधी टॅब घेतलेली दोन मुलं सोसायटीच्या गेटवर उभी असतात. वॉचमन त्यांना आत सोडत नाही, मग ती बाजारातून परतणाऱ्या बायकांना गाठतात. भाजीच्या पिशव्या खाली ठेवायच्या आत चार प्रश्न उरकतात. कोणत्या पक्षासाठी, हे ती सांगत नाहीत, बहुधा त्यांनाही माहीत नसतं. हा सर्व्हे. पुढे तिकीट कापलेल्या माणसाला एवढंच ऐकवतात: सर्व्हेत तुमचं नाव आलं नाही, इलेक्टिव्ह मेरिट नाही.

म्हणजे पक्षाबाहेरच्या माणसाचं मत घेतलं. सभासदाच्या मतापेक्षा जास्त वजनही दिलं. फक्त किती जणांना विचारलं, काय उत्तरं आली, कुणी मोजलं, हे एका बंद पाकिटात राहिलं. ते पाकीट खरंच उघडून यादी ठरली की यादी ठरवून मग पाकिटाचं नाव पुढे केलं, हे कुणी तपासू शकत नाही. पंजाबात 2022 च्या जानेवारीत आम आदमी पक्षाने मुख्यमंत्रिपदाच्या चेहऱ्यासाठी लोकांकडून फोनवर मतं मागवली, 21 लाखांवर प्रतिसाद आले, 93 टक्क्यांनी भगवंत मान यांचं नाव घेतलं असं जाहीर केलं. आकडे निदान सांगितले, म्हणून मी त्यांना चार गुण देतो. पण मोजणारे तेच, सांगणारेही तेच.

म्हणून माझं उत्तर हो असं आहे. पक्ष नसलेल्या मतदाराने भाग घ्यावा, कारण तो घेतोच आहे, आणि ज्या मताने उमेदवार ठरतो ते मत उघड मोजलं जायला हवं. मात्र ऐनवेळी दार सताड उघडण्याच्या मी विरोधात आहे. आपल्याला यासाठी अमेरिकेकडे पाहायची गरजच नाही. या तालुक्यात सहकारी पतपेढ्या आणि बँका पिढ्यानपिढ्या चालल्या. बॅसीन कॅथॉलिक बँकेने तर शंभरी ओलांडली. सहकारात कोणाला मत, हा वाद आपण आधीच भोगून झालो आहोत: निवडणुकीच्या तोंडावर शेकड्याने सभासद भरायचे, शेअरचे पैसे दुसऱ्यानेच भरायचे. त्यावर 97 व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या कायद्यात क्रियाशील सभासदाची अट आली. पाच वर्षांत एकदा तरी सर्वसाधारण सभेला यायचं, संस्थेच्या सेवा ठरलेल्या किमान प्रमाणात वापरायच्या, नाही तर मत नाही, अशी ती अट होती. निवडणूक घ्यायला राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण, म्हणजे संचालक मंडळाच्या हाती मतदारयादीही नाही आणि मतपेटीही नाही. कोकण पदवीधर मतदारसंघाचंही तसंच. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, पदवी भिंतीवर टांगली म्हणून मत मिळत नाही, फॉर्म भरून नाव लावावं लागतं. आळशी माणूस आपोआप गळतो.

हेच इथे लावा. ज्याला एखाद्या पक्षाच्या उमेदवारनिवडीत मत हवं, त्याने सहा महिने आधी नाव लावावं, एका निवडणुकीला एकाच पक्षाकडे. वर्गणी नाही, सभासदत्व नाही, पक्षाचं उपरणं नाही. याद्या आणि मोजणी तशाच एखाद्या निवडणूक प्राधिकरणाकडे.

यादी पक्षाकडे नको, हा हट्ट मी वसईकर म्हणून धरतो. अमेरिकेत कोण कोणत्या पक्षात नोंदलेला आहे, ही माहिती बहुतेक ठिकाणी उघड असते. इथे ती उघड झाली तर काय होईल, हे नळाच्या जोडणीसाठी खेटे घातलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे अनेक जण स्वतःला तटस्थ म्हणवतात. त्यातले थोडे खरोखर तटस्थ असतात, बाकीचे सावध असतात. सावध माणसाला दोष देणारा मी कोण? त्याला बोलकं करायचं तर आधी त्याची चिठ्ठी सुरक्षित हवी. निवडीतल्या मताइतकीच नोंदणीही गुप्त ठेवली, तर यातले बरेच जण पुढे येतील असं मला वाटतं.

इतिहास आपल्या बाजूने आहे. 2009 मध्ये चार नगरपरिषदा, त्यात आपली नवघर-माणिकपूरही होती, आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली. गावं महापालिकेतून वगळण्याच्या आंदोलनात पक्ष बाजूला ठेवून माणसं एकत्र आली आणि त्याच वर्षी त्या आंदोलनातले विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून विधानसभेत गेले. 2024 मध्ये त्यांची कन्या स्नेहा दुबे पंडित यांनी भाजपच्या चिन्हावर बविआच्या हितेंद्र ठाकूर यांना हरवलं. फरक तीन हजारांच्या आसपास आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या काँग्रेसलाही 60 हजारांवर मतं. जिथे तीन हजारांनी निकाल फिरतो, तिथे कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस शेवटच्या दिवशी राजा असतो. पहिल्या दिवशी मात्र त्याला कुणी विचारत नाही.

सुरुवात लोकसभेपासून नको, तो वर्धा-लातूरचा घोटाळा पुन्हा होईल. प्रभागापासून करावी. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाख 22 हजार होती, प्रभाग 29. म्हणजे त्या वेळच्या आकड्याने प्रभागाला सरासरी 42 हजार माणसं, मतदार त्याहून कमी. टोटनेसपेक्षा लहान मामला. चार जणांच्या पॅनेलमध्ये आरक्षणाप्रमाणे जागा ठरलेल्या असतात, त्या प्रत्येक जागेसाठी दोन-तीन नावं. एका प्रभागात एका पक्षाने करून पाहिलं तरी पुढच्यांना मोजायला काहीतरी मिळेल.

कायद्यात एक छोटी जागाही आहे. विधानसभेला अपक्ष उभा राहिला तर त्याच्या अर्जावर दहा मतदारांची सूचक म्हणून सही लागते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. कारण त्याच्या मागे पक्ष आहे, असं कायदा मानतो. सगळा बदल होईपर्यंत निदान इतकं मागता येईल, की पक्षाच्या उमेदवारानेही पक्षात नसलेल्या शंभर मतदारांच्या सह्या आणाव्यात. बी फॉर्मवरची एक सही आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शंभर. त्या शंभरांत कोण आहे आणि कोण नाही, हे नाक्यावर आपोआप कळेल.

माझं बोलून झालं. प्रश्नोत्तरांना अर्धा तास आहे. पहिल्या रांगेत तीन पक्षांचे पदाधिकारी बसलेत, त्यांनी आधी बोलावं अशी माझी विनंती आहे. उमेदवारी कशी ठरते, हे या सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.